तबकडी झिजली की सुई मळली? जुन्या रेकॉर्ड उतरवताना झालेली एक चूक आणि तिचा उपाय

शहापूरच्या एका घरातून दोन पेट्या भरून 78 आरपीएमच्या रेकॉर्ड मिळणार, असं कळलं तेव्हा मंडळात सगळ्यांनाच आनंद झाला होता. बेळगावात जुन्या घरांतून रेकॉर्ड निघतात, पण बहुतेक वेळा त्यांचे तुकडेच निघतात. इथे मात्र घरातल्या आजींनी सगळं नीट ठेवलं होतं. पहिली पेटी मी घरी आणली आणि टर्नटेबलवरून एकेक बाजू संगणकात उतरवायला घेतली. महिनाभराने आजींना फोन करून सांगितलं, "चाळीसेक बाजू उतरवल्या, पण निम्म्याच्या वर झिजलेल्या आहेत. शेवटी शेवटी आवाज पार फाटतो."

हे वाक्य मी फार सहज बोलून गेलो. त्याची किंमत काय झाली ते पुढे सांगतो. आधी चूक कशी लक्षात आली ते सांगायला हवं, कारण जुन्या ध्वनिमुद्रणांवर काम करणाऱ्या कुणाकडूनही ती होऊ शकते.

तीन मिनिटांत दहा वर्षं

त्या वेळी मी 1924 च्या बेळगाव काँग्रेसवर एक टिपण करत होतो. महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालचं हे एकमेव अधिवेशन. त्यात अकरा वर्षांच्या गंगूबाई हनगल यांनी स्वागतगीत गायलं होतं, हे बेळगावकरांना माहीत असतंच. त्यांच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड 1930 च्या दशकातल्या. एचएमव्हीने त्या 'गांधारी' या नावाने काढल्या. गंगूबाईंचा नंतरचा भारदस्त, जवळजवळ पुरुषी वाटणारा आवाज आपल्याला ठाऊक आहे, पण तो घशाच्या शस्त्रक्रियेनंतरचा. त्याआधी त्यांचा आवाज बारीक आणि उंच होता, आणि त्या आवाजाचा पुरावा म्हणजे या 78 च्या रेकॉर्ड.

पेटीत अशी एक रेकॉर्ड निघाली. मी ती उतरवली, ऐकली आणि टिपणात लिहून मोकळा झालो की या रेकॉर्डमध्ये आवाज जड होत चालल्याच्या खुणा दिसतात. शोध लागल्याचा आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू!

दोन दिवसांनी तीच फाईल हेडफोन लावून पुन्हा ऐकली. सुरुवातीला आवाज बारीक आणि स्वच्छ होता. मध्यावर थोडा दबलेला वाटला. शेवटी जाड, घोगरा, 'स' आणि 'श' एकमेकांत मिसळलेले. म्हणजे गाणारीचा आवाज तीन मिनिटांत दहा वर्षांनी मोठा झाला होता. माणसाच्या घशात असं काही होत नाही. होत असेल ते माझ्या यंत्रात होत होतं.

कारखान्यात असताना व्हर्नियर हातात घेतला की पहिल्यांदा जबडे मिटवून शून्य तपासायचं, ही सवय आम्हाला लावली होती. माप नंतर. इतिहासाच्या नादाला लागल्यावर मी नेमकं तेच विसरलो होतो. सुईचा भाग काढला, घड्याळजी वापरतात तसं दहापट भिंग डोळ्याला लावलं आणि बाजूने टॉर्च मारला. हिऱ्याचं टोक दिसेचना. त्याच्याभोवती करड्या-काळ्या मळाची एक घट्ट गाठ बसली होती.

हा मळ येतो कुठून?

टर्नटेबलच्या सुईवर धूळ बसते हे सगळ्यांना माहीत असतं, आणि ती ब्रशने निघतेही. 78 च्या रेकॉर्डमुळे बसणारा मळ वेगळा असतो. त्यासाठी आधी रेकॉर्ड कशाची असते ते पाहू.

ही तबकडी प्लास्टिकची नसते. ती लाखेची असते. झाडांवरच्या लाखेच्या किड्यांपासून मिळणारी हीच लाख बांगड्यांना, मोहरांना आणि सुताराच्या पॉलिशला वापरतात. तबकडीत लाख हा फक्त बांधणारा भाग. तिच्यात दगडाची बारीक भुकटी आणि रंगासाठी काजळी मिसळलेली असते. दगडाची भुकटी मुद्दाम घातलेली असे. चावीच्या ग्रामोफोनची पोलादी सुई पहिल्या काही फेऱ्यांत या भुकटीवर घासून खाचेच्या आकाराची व्हावी, असा त्यामागचा हिशेब होता. म्हणूनच एक सुई एका बाजूपुरती वापरायची, असा नियम होता. घरोघरी काटकसर म्हणून तीच सुई आठ-दहा वेळा वापरली जाई, आणि वर शंभर ग्रॅमपेक्षा जास्त वजनाचा साउंडबॉक्स. त्यात खाचेतून जे खरवडून निघालं, ते पुष्कळसं खाचेतच राहिलं: लाखेचा चुरा, दगडाची पूड, पोलादाचे कण.

त्यावर आपल्याकडच्या पावसाची भर. बेळगावचा जून ते सप्टेंबर म्हणजे माळ्यावर ठेवलेल्या कागदाच्या पाकिटांना बुरशी येणारच. काही घरांत रेकॉर्ड चमकावी म्हणून तेलाचं बोट फिरवलेलं असतं, तेही चिकटतं. अशी रेकॉर्ड आपण नुसती कापडाने पुसून आधुनिक टर्नटेबलवर लावली, की हिऱ्याची सुई झाडूसारखं काम करू लागते.

किती अंतराचा झाडू? हिशेब सोपा आहे. दहा इंची तबकडी मिनिटाला 78 फेरे घेते, तीन मिनिटांत 234. खाचेचा सरासरी घेर साधारण 53 सेंटिमीटर धरला, तर सुई एका बाजूला सव्वाशे मीटर चालते. सव्वाशे मीटर खाच झाडत नेली तर पुढे गोळा जमणारच. त्यात घर्षणाची उष्णता आणि दाब यांनी लाखेचा चुरा टोकाभोवती दाबून बसतो. म्हणून हा मळ कोरड्या ब्रशला दाद देत नाही.

शेवटच्या इंचातच का फाटतं?

78 च्या रेकॉर्डसाठी लागणाऱ्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण 3 मिल, म्हणजे 76 मायक्रॉन असते. एलपीच्या सुईपेक्षा ती बरीच जाड. एलपीची सुई इथे लावली तर ती खाचेच्या तळाशी लोळते आणि तळातला सगळा कचरा ऐकवते. त्यामुळे 78 साठी वेगळी सुई हवीच, आणि कार्ट्रिजवर तिच्यासाठी सांगितलेला भारही वेगळा असतो.

आता तबकडीच्या कडेला, मध्यापासून 12 सेंटिमीटरवर, खाच सुईखालून सेकंदाला साधारण 98 सेंटिमीटर वेगाने सरकते. आत, 5 सेंटिमीटरवर, तोच वेग 41 सेंटिमीटरपर्यंत उतरतो. 4000 हर्ट्झचा स्वर घेतला, तर त्याची एक लाट कडेला 245 मायक्रॉन लांबीत मावते आणि आत फक्त 102 मायक्रॉनमध्ये. म्हणजे बारीक स्वर आणि 'स', 'श', 'च' सारखी व्यंजनं आत येताना दाटीवाटीने कोरलेली असतात. त्याच वेळी सुईवरचा गोळा सर्वांत मोठा झालेला असतो. टोक खाचेत नीट बसायच्या ऐवजी मळावर तरंगतं, बारीक लाटा वाचता येत नाहीत, आणि राहतो तो जाड, दबका आवाज.

इतिहासाच्या दृष्टीने हा शेवटचा इंच फार महत्त्वाचा. 1902 साली गौहर जान यांची ध्वनिमुद्रणं झाली तेव्हापासून पुढे काही वर्षं गायक-गायिका गाण्याच्या शेवटी स्वतःचं नाव सांगत. लेबल कसरीने खाल्लेलं असेल तर ते नाव हाच मोठा आधार असतो. आणि ते असतं नेमकं तिथे, जिथे मळलेली सुई बहिरी झालेली असते.

घोटाळा असा की खरी झीजही आतल्याच भागात जास्त जाणवते. त्यामुळे नुसत्या कानाला दोन्ही सारखंच वाटतं. मी 'झिजलेली' म्हटलं ते त्याचमुळे.

शेवट आधी वाजवा

यावर मी एक साधी चाचणी ठरवली आहे. सुई पूर्ण साफ करा आणि भिंगाखाली खात्री करा. मग लिव्हर वापरून सुई सरळ शेवटच्या इंचावर उतरवा आणि तेवढाच भाग मुद्रित करा. सुई पुन्हा साफ करा. आता तीच बाजू सुरुवातीपासून न थांबता वाजवा. दोन्ही मुद्रणांतला शेवटचा इंच शेजारी शेजारी लावून ऐका.

पहिल्या वेळी स्वच्छ आणि दुसऱ्या वेळी फाटलेला असेल, तर दोष वाटेत जमलेल्या मळाचा आहे: तबकडी धुवायला हवी. दोन्ही वेळा सारखाच फाटत असेल, तर तबकडी झिजलेली असू शकते किंवा सुईचा हिरा झिजलेला असू शकतो. तेव्हा एखादी चांगली म्हणून माहीत असलेली रेकॉर्ड लावून पाहायची. तीही फाटली तर सुई बदला. ती स्वच्छ वाजली, तरच हातातल्या रेकॉर्डला 'झिजलेली' म्हणा.

घट्ट मळ काढायचा कसा

आता प्रत्यक्ष काम. अॅम्प्लिफायर बंद किंवा आवाज शून्यावर, तबकडी थांबलेली. नाहीतर ब्रशचा पहिलाच स्पर्श स्पीकरमधून बॉम्बसारखा ऐकू येतो आणि स्पीकर जायचीही भीती.

पहिली पायरी कोरडी. लहान, दाट केसांचा सुईसाठीचा ब्रश घ्या आणि मागून पुढे, म्हणजे टोनआर्मच्या बुडाकडून डोक्याकडे, हलकेच ओढा. तबकडी सुईखालून त्याच दिशेने सरकते, त्यामुळे ज्या नळीवर हिरा बसवलेला असतो ती कँटिलिव्हर ताणली जाते, वाकत नाही. उलट किंवा आडवा हात मारला तर ती नळी मुडपते, आणि मग दुरुस्ती नाही, नवी सुईच. बोटाने पुसणं, नखाने खरवडणं, टाचणी लावणं, फुंकर मारणं, यातलं काहीही नको. फुंकरीने थुंकीचा ओलावाच जातो.

दुसरी पायरी फोमची. भिंतीवरचे डाग काढायला जो पांढरा मेलामाइनचा स्पंज मिळतो, त्याचा सेंटिमीटरभर कोरडा तुकडा कापा. बाकी काही मिसळलेला, साबण लावलेला प्रकार घेऊ नका. तुकडा थांबलेल्या प्लॅटरवर ठेवा, लिव्हरने सुई त्यात सरळ खाली उतरवा आणि सरळ वर उचला. पाच-सहा वेळा, दरवेळी नव्या जागी. सुई आत असताना तुकडा सरकवायचा नाही, कारण हा फोम बारीक कानशीसारखा असतो. हिऱ्याला काही होत नाही, पण ओढाताण कँटिलिव्हरला सोसत नाही. शेवटी ब्रशने फोमची भुकटी झटका. माझ्या सुईवरची गाठ इथपर्यंत अर्धी निघाली.

तिसरी पायरी द्रवाची, आणि इथे लाखेचा स्वभाव कामी येतो. सुतार चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कपाटाला पॉलिश मारतो, ते आपण पाहिलेलं असतं. लाख पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळते. म्हणून 78 च्या घट्ट मळावर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं: त्याने लाखेचा बांध सुटतो आणि मग दगडाची पूड ब्रशने निघते. हॅण्ड सॅनिटायझर नको, त्यात चिकट पदार्थ आणि अत्तर असतं. नखांचं रंग काढायचं द्रावण तर मुळीच नको, त्यातलं अॅसिटोन हिऱ्याचा गोंद आणि प्लास्टिक खातं. काही कंपन्या आपल्या सुईला अल्कोहोल वर्ज्य सांगतात, तेव्हा सोबतचं पत्रक आधी वाचा.

ब्रशचं फक्त टोक ओलं करा, टिपकागदावर टेकवून जास्तीचं काढा आणि मागून पुढे तीन-चार हलके हात मारा. सुईचं टोक खालीच असू द्या. सोयीचं म्हणून सुईचा भाग काढून उलटा धरला, तर थेंब पोकळ कँटिलिव्हरमधून आत उतरतो आणि मागच्या रबराच्या आधारापर्यंत जातो. ते रबर कडक झालं की सुईची लवचीकता जाते. मग दहा मिनिटं वाळू द्या. भिंगाने पाहा, गरज असेल तर पुन्हा करा. मला तीन फेऱ्या लागल्या. घाई केली असती तर दीडशे मायक्रॉनच्या खाचेसाठी बनवलेलं नाजूक टोक मीच मोडलं असतं.

आणि सगळ्यात मोठा इशारा: जे अल्कोहोल सुईवरची लाख सोडवतं, तेच तबकडीची लाखही सोडवतं. त्याचा एक थेंबही 78 च्या रेकॉर्डवर पडता कामा नये. ओली सुई तबकडीवर ठेवायची नाही, आणि एलपीसाठी मिळणारी अल्कोहोलयुक्त द्रावणं तर या तबकड्यांपासून लांबच ठेवायची. एका बैठकीत खाचा कायमच्या पुसल्या जातील.

मूळ मळ तबकडीत

सुई कितीही घासली तरी तबकडी तशीच ठेवली, तर पुढच्या सव्वाशे मीटरमध्ये पुन्हा तेच. म्हणून आता मी आधी रेकॉर्ड धुतो. बुरशी असेल तर तोंडाला मास्क लावून अंगणात कोरड्या मऊ ब्रशने झटकतो. मग लेबल झाकून, साधं थंड डिस्टिल्ड पाणी आणि त्यात सौम्य साबणाचा थेंब, ब्रश खाचेच्या दिशेने गोल फिरवायचा, दुसऱ्या स्वच्छ डिस्टिल्ड पाण्याने खळबळायचं आणि लगेच मऊ कापडाने टिपून भांड्यांच्या जाळीत उभं करायचं. भिजत घालायचं नाही. तडा गेलेली किंवा आत पुठ्ठा-कागद असलेली तबकडी पाण्याला लावायचीच नाही, ती फुगते. हे काम मी पावसाळ्यात करत नाही. बेळगावात जुलैत काही वाळतं का?

शिवाय नोंदवहीत आता एक नवा रकाना आहे: 'सुई पाहिली'. प्रत्येक बाजूआधी भिंग, प्रत्येक बाजूनंतर ब्रश. सुरुवातीला कंटाळा यायचा. आता हात आपोआप जातो.

दुसरी पेटी

साफ सुईने आणि धुतलेल्या तबकड्यांनी मी पहिली पेटी पुन्हा उतरवली. ज्या बाजूंवर 'झिजलेली' लिहिलं होतं, त्यांतल्या बऱ्याच चांगल्या निघाल्या. काही खरोखरच झिजलेल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. गांधारींची रेकॉर्ड पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत एकाच बारीक, स्वच्छ आवाजात वाजली. टिपणातलं ते वाक्य मी खोडलं. ते छापून गेलं असतं तर पुढच्या कुणीतरी माझा दाखला देऊन तेच लिहिलं असतं.

मोठ्या उत्साहाने आजींना फोन केला, की आता दुसरी पेटी न्यायला येतो.

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ती दिऊन सोडली की रे बाळ, भंगारवाल्याला. तूच म्हणालास न्हवं, झिजल्यात म्हणून. मग ठेवून काय करायचं म्हटलं."

भंगारवाल्याकडे दोनदा जाऊन आलो. त्याला पेटी आठवत होती, लाकडाची चांगली होती म्हणून. प्लेटींचं काय झालं ते आठवत नव्हतं. त्या पेटीत काय काय होतं याची यादीही आम्ही केली नव्हती, कारण ऐकताना करू असं मीच म्हटलं होतं.

म्हणून वाचकांना, विशेषतः घरोघरी जाऊन असे संग्रह पाहणाऱ्या कार्यकर्त्यांना, दोन विनंत्या. पेटी दिसली की त्याच दिवशी लेबलांचे आणि मधल्या भागात कोरलेल्या आकड्यांचे फोटो घ्या, वाजवणं मागाहून होईल. आणि कुणाच्याही रेकॉर्डला 'झिजलेली' म्हणण्याआधी दहापट भिंग डोळ्याला लावून आपली सुई पाहा. घरातली माणसं आपला शब्द खरा मानतात.